लंडनहून डेव्हन-कॉर्नवॉल: ए३०३ घ्यावा की एम४-एम५?

शाळांना सुट्टी लागली, नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला कॉटेज बुक झालं, की लंडनमधल्या मराठी घरांतही हा प्रश्न निघतोच: एम३ हा मोटरवे पकडून पुढे ए३०३ या रस्त्याने जायचं, की एम४ ने ब्रिस्टल गाठून एम५ वरून खाली उतरायचं? माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. पहाटे सहाच्या आत निघणार असाल तर ए३०३. शुक्रवारी दुपारी ऑफिस आटोपून निघणार असाल तर एम४-एम५, आणि तोही मन घट्ट करून.

नकाशावर ए३०३ जिंकतो. मध्य लंडनहून डेव्हनमधलं एक्सेटर या रस्त्याने सुमारे १७० मैल, तर एम४-एम५ ने १९५ च्या आसपास. तरीही रस्ता मोकळा असेल तर वेळेत फारसा फरक पडत नाही, दोन्हीकडून सव्वातीन-साडेतीन तास धरा. वाचलेले पंचवीस मैल ए३०३ चे अरुंद तुकडे खाऊन टाकतात. टोल दोन्हीकडे नाही, म्हणजे पैशांत फरक काय तो इंधनाचा.

या अरुंद तुकड्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण निवड खरी तिथेच होते. ए३०३ हा क्रमांक १९३३ साली दिला गेला. तोवर नैर्ऋत्येला जाणारा मुख्य रस्ता म्हणजे सॉल्सबरी, यॉव्हिलवरून जाणारा जुना ए३०. ए३०३ हा जुने रस्ते जोडून तयार झाला. काही ठिकाणी तो हॅरो वे नावाच्या पुरातन पायवाटेजवळून जातो आणि इल्चेस्टरच्या पुढे थोडं अंतर रोमनांच्या फॉस वे या रस्त्याच्या रेषेवरून धावतो. आज तो बेसिंगस्टोकजवळ, एम३ च्या जंक्शन ८ ला सुरू होतो आणि डेव्हनमध्ये होनिटनच्या अलीकडे पुन्हा ए३० लाच मिळतो. लांबी साधारण ९३ मैल.

हा संपूर्ण रस्ता एका आराखड्याने कधीच बांधला गेला नाही. सत्तरच्या दशकात मीअर आणि विनकँटनला बाह्यवळणं झाली, १९८८ मध्ये इल्मिन्स्टरला झालं, त्यानंतर स्पार्कफर्डला. प्रत्येक वेळी त्या त्या गावाची सुटका झाली आणि कोंडी पुढच्या गावावर जाऊन बसली. एम३ पासून एम्सबरीपर्यंत रस्ता चौपदरी आहे, मध्ये दुभाजक, ताशी ७० मैल. एम्सबरी मागे पडलं की दुभाजक संपतो. स्टोनहेंजचं प्राचीन शिळावर्तुळ आणि विंटरबोर्न स्टोक गाव ओलांडेपर्यंत एका बाजूला एकच मार्गिका. मग पुन्हा चौपदरी, चिकलेडला पुन्हा दुपदरी, मीअरपासून पुन्हा मोकळा. स्पार्कफर्ड ते इल्चेस्टर हा त्रासाचा टप्पा २०२१ मध्ये काम सुरू होऊन आता चौपदरी झाला आहे, त्यामुळे जुन्या अनुभवावरून त्या भागाची धास्ती बाळगू नका. इल्मिन्स्टरचं बाह्यवळण मात्र अजून तीनपदरीच आहे. मध्ये दुभाजक नाही, आणि मधली मार्गिका ओव्हरटेक करायला कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. अपघातांमुळे हा तुकडा बदनाम आहे. तिथे कॅरॅव्हॅनच्या मागे राहावं लागलं तर मुकाट्याने राहा, घाई करू नका. साउथफील्ड्सच्या राउंडअबाउटनंतर रस्ता ब्लॅकडाउन टेकड्यांत शिरतो, तिथे वळणं आणि चढउतार दोन्ही आहेत.

सगळ्यात मोठी रांग लागते ती स्टोनहेंजपाशी. रस्ता त्या शिळांपासून दोनशे मीटरच्याही आत आहे. आयुष्यभर चित्रात पाहिलेली गोष्ट अचानक खिडकीत येते आणि प्रत्येक ड्रायव्हरचा पाय नकळत ब्रेककडे जातो. त्यात चौपदरी रस्ता नुकताच दुपदरी झालेला असतो, म्हणजे गळा आवळणारी दोन्ही कारणं एकाच ठिकाणी. यावर उपाय म्हणून सुमारे दोन मैलांचा बोगदा आणि विंटरबोर्न स्टोकला बाह्यवळण अशी योजना होती. हा परिसर १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि बोगद्याची तोंडं या परिसराच्या आतच उघडणार होती, म्हणून पुरातत्त्व अभ्यासकांचा मोठा विरोध झाला. २०२० मध्ये परवानगी मिळाली, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, २०२३ मध्ये पुन्हा मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये सरकारने पैशांच्या कारणावरून योजनाच गुंडाळली. टाँटनकडे जाणाऱ्या ए३५८ चं रुंदीकरणही त्याच दिवशी रद्द झालं. वारसास्थळाच्या जमिनीत बोगदा खणला नाही याचं मला समाधान आहे, पण विंटरबोर्न स्टोकच्या लोकांसाठी मनापासून वाईट वाटतं. त्यांच्या दारातून दिवसभर ट्रक जातात आणि त्यांचं बाह्यवळण बोगद्याबरोबरच बुडालं. तुमच्या-माझ्यापुरता याचा अर्थ एवढाच, की पुढची कित्येक वर्षं ही रांग इथेच असणार आहे. ती गृहीत धरूनच ठरवा.

एम४-एम५ ची कहाणी त्यामानाने सरळ आहे, कारण ते मोटरवे म्हणूनच आखले गेले. १९७१ च्या डिसेंबरात एम४ चा लंडन ते ब्रिस्टल पट्टा सलग जोडला गेला. १९७४ मध्ये एव्हनमाउथचा पूल झाला आणि १९७७ मध्ये एम५ एक्सेटरला पोचला. दोन्ही मोटरवे ब्रिस्टलच्या उत्तरेला आमंड्सबरीच्या चार मजली इंटरचेंजमध्ये मिळतात. सिग्नल नाही, राउंडअबाउट नाही, समोरून गाडी येण्याची भीती नाही. इंग्लंडमध्ये नव्याने गाडी चालवायला लागलेल्यांना मी डोळे झाकून हाच रस्ता सांगतो. दुपदरी रस्त्यावर वेगाने समोरून येणारे ट्रक पाहून सुरुवातीला अंगावर काटा येतो.

पण एम५ लाही स्वतःचा रोग आहे. आमंड्सबरीला तुमच्या रांगेत बर्मिंगहॅम आणि त्याच्याही उत्तरेकडून निघालेली सगळी सुट्टीची गर्दी मिसळते. जुलै-ऑगस्टमधल्या शुक्रवारी आणि शनिवारी तिथून एव्हनमाउथचा पूल ओलांडून वेस्टन-सुपर-मेअरपर्यंत गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. अनेक कॉटेजमधले जुने पाहुणे शनिवारी निघतात आणि नवे येतात, म्हणजे जाणारे आणि येणारे एकाच दिवशी रस्त्यावर. शिवाय मोटरवेवर पुढे अपघात झाला, तर पुढचं जंक्शन येईपर्यंत अडकून राहण्यावाचून इलाज नसतो.

सोबत लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा असतील तर मोटरवेचं पारडं जड होतं. रेडिंग, मेंबरी, ली डेलामेअर, सेजमूर अशा सर्व्हिसेस, म्हणजे थांब्याच्या जागा, ठरावीक अंतरावर येतात, स्वच्छतागृह रात्रीही उघडं असतं, इलेक्ट्रिक गाडीला चार्जरही सहज मिळतो. तिथलं पेट्रोल महाग असतं, म्हणून टाकी घरूनच भरून निघा. ए३०३ वर एम्सबरीच्या सॉल्स्टिस पार्कला आणि पॉडिमोरला थांबता येतं. डबा सोबत असेल तर कार्टगेटची पिकनिकची जागा चांगली आहे. आम्ही पराठे आणि थर्मासमधला चहा घेऊन तिथेच थांबतो. आई-बाबांना स्टोनहेंज दाखवायचंच असेल, तर मात्र प्रश्नच मिटला, ए३०३ घ्या.

कुठे जायचंय यावरही थोडं अवलंबून आहे. बाथ, ब्रिस्टलसाठी एम४ च. उत्तर डेव्हनला, म्हणजे बार्नस्टेपल किंवा इल्फ्राकोमला जायचं तर एम५ च्या जंक्शन २७ ला उतरून ए३६१ घेणं सोपं पडतं. लाइम रीजिस, सिडमथ या बाजूच्या किनाऱ्यासाठी ए३०३ जवळचा. कॉर्नवॉलला जाणाऱ्यांना दोन्ही रस्ते शेवटी एक्सेटरला आणून सोडतात आणि पुढचा रस्ता सारखाच.

दोन तारखा मात्र ए३०३ साठी वर्ज्य समजा: २१ जूनच्या आसपासचे दिवस, तेव्हा सूर्योदय पाहायला स्टोनहेंजला हजारो लोक जमतात, आणि ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाचा आठवडा, जो बहुधा जूनच्या अखेरीस येतो.

आम्ही स्वतः आता जाताना ए३०३ घेतो. पहाटे पाचला निघतो आणि साडेसहाच्या सुमारास शिळांवर कोवळं ऊन असताना तिथून जातो. परतताना रविवार असेल तर एम५ घेतो, कारण त्या दिवशी दुपारी लंडनकडे येणारी रांग विंटरबोर्न स्टोकच्या अलीकडूनच सुरू झालेली असते.