शाडू मातीची पाच किलोची पिशवी: आषाढ ते चैत्र, दोन मुलींच्या हातून

घरात दोन मुली आहेत, थोरली आठ वर्षांची आणि धाकटी चार. आषाढात आणलेली शाडूची पिशवी चैत्र संपत आला तरी चालू आहे. हस्तकलेचं दुसरं कुठलंही साहित्य आमच्याकडे इतके महिने टिकलेलं नाही. चमकीच्या बाटल्या आठवड्यात रिकाम्या होतात, घोटीव कागदाचे तुकडे होऊन जातात, स्केचपेनांची टोकं आत जातात. माती मात्र जेवढी आणली, जवळपास तेवढीच अजून घरात आहे. लहान मुलींसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी हीच घ्या म्हणेन. तिच्या अडचणीही आहेत, त्या पुढे सांगते.

शाडू दोन प्रकारांनी मिळते: कोरडी पूड, किंवा मळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला ओला गोळा. आपल्याकडे येणारी बरीचशी शाडू गुजरातेतून येते, पेणच्या गणपती कारखान्यांतही तीच वापरतात. आम्ही ओला गोळा आणला. घरात लहान मूल असेल तर तोच आणावा. पूड भिजवताना तिचा बारीक धुरळा उडतो आणि तो नाकातोंडात जाणं चांगलं नाही.

आणल्या आणल्या माती कामाला येत नाही, ती मळावी लागते. पाटावर घेऊन तळहाताच्या उशीने दाबायची, दुमडायची, परत दाबायची. भाकरीचं पीठ जितकं मळावं तितकी मळली की मग ती हाताला चिकटायची थांबते आणि वळली तरी चिरत नाही. हे काम मी मुलींनाच देते. धाकटी अक्षरशः उभी राहून अंगाच्या भाराने मळते. काही महिन्यांत तिच्या बोटांत चांगला जोर आला. फ्रॉकची बटणं आणि डब्याचं झाकण आता ती स्वतः उघडते. याचं सगळं श्रेय मातीला देणार नाही, वयही वाढतंच आहे. पण रंगीत पुस्तकात रेघेच्या आत रंग भरताना हाताला एवढं काम नव्हतं, हे नक्की.

पहिली वस्तू केली ती बैल. सासूबाई सांगली भागातल्या, त्यांच्याकडे बेंदराला मातीचे बैल करून पूजतात. पुण्यात आम्ही ते कधी केलं नव्हतं. पिशवी उघडल्याचं पाहून त्या स्वतःहून येऊन बसल्या. "आधी पोट कर, पाय मागनं लाव," असं थोरलीला सांगत त्यांनी पाच मिनिटांत वशिंडासकट बैल उभा केला. त्यांचा हात मी नीट पाहिला. पाय वेगळे करून चिकटवायच्या ऐवजी त्या पोटाच्याच गोळ्यातून माती खाली ओढून पाय काढत होत्या. असे पाय सुकल्यावर गळत नाहीत. शिंगं मात्र वेगळी लावावी लागतात, आणि शाडूतली सगळी मेख तिथेच आहे.

शाडूला जोड देताना नुसतं पाणी लावून भागत नाही. दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे, थोडी माती पाण्यात कालवून दाट राबडी करायची, ती मध्ये लावून दाबायचं, आणि मग बोटाने सांधा पुसून टाकायचा. शिवाय दोन्ही तुकडे सारखेच ओले हवेत. ओली माती सुकताना आकसते. एक तुकडा अर्धा सुकलेला आणि दुसरा ताजा असेल तर दोघं वेगवेगळे आकसतात आणि सांध्यावर भेग पडते. थोरलीला हे कळल्यापासून ती सगळे भाग आधी करून ओल्या फडक्याखाली ठेवते आणि शेवटी एकदम जोडते.

भेगांचं दुसरं कारण जाडी. मोठा भरीव गोळा बाहेरून आधी सुकतो, आत ओल राहते, आणि वरची साल ताणून फाटते. म्हणून अंगठ्याएवढ्या जाडीच्या वरची प्रत्येक वस्तू आम्ही खालून चमच्याने पोकळ करतो. सुकवायची सावलीत, पंख्यापासून दूर, पहिले एक-दोन दिवस वर्तमानपत्र झाकून. पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो पण भेगा जवळजवळ पडत नाहीत. वैशाखाकडे झुकणाऱ्या आताच्या उन्हाळ्यात उलट होतं: काम चालू असतानाच माती कडक व्हायला लागते, त्यामुळे मध्ये मध्ये पाण्याचा हात फिरवावा लागतो. मी थोड्या मातीत भिजवून वाटलेला वर्तमानपत्राचा लगदा मिसळून पाहिला. त्या मातीला भेगा कमी पडतात आणि वस्तूही हलकी होते, पण पृष्ठभाग खरखरीत राहतो. मुखवटे, डोंगर असल्या गोष्टींना ती चांगली. चेहरे, दागिने असलं बारीक काम साध्या शाडूतच उतरतं.

आता ज्या गुणासाठी मी एवढं लिहायला बसले तो. न भाजलेली शाडू पुन्हा माती होते. आमच्या घरात हा खेळ मुळात दोन वेळा असतो, करताना आणि विरघळवताना. पूर्ण सुकलेला बैल पाण्यात सोडला की सुर्रर्र आवाज येतो, बुडबुडे निघतात, आणि बघता बघता शिंगं, मग पाय, मग पाठ असा तो ढासळतो. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणी शिरतं आणि तिथली हवा बाहेर पडते, त्याचे ते बुडबुडे. धाकटीला करण्यापेक्षा हे जास्त आवडतं. पातेल्याच्या काठाला हनुवटी टेकून ती "आता शेपटी, आता शेपटी" करत बसते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: वस्तू अर्धवट ओली असेल तर ती पाण्यात नुसती पडून राहते, फुटत नाही. आधी खडखडीत सुकू द्यायची. तळाशी बसलेला चिखल जुन्या सुती ओढणीत बांधून बाल्कनीत टांगला की एका रात्रीत पाणी निथळतं. सकाळी फरशीवर आपटून मळला की माती पुन्हा तयार.

थोरलीचं याबाबत वेगळं होतं. तिचं हरीण धाकटीने न विचारता पाण्यात टाकलं त्या संध्याकाळी घरात मोठी रडारड झाली. तेव्हापासून कपाटाचा एक कप्पा "ठेवायच्या"चा आहे. कप्पा भरला की नवीन वस्तू ठेवण्यासाठी जुनी एक काढायची, आणि कोणती ते जिने केली तीच ठरवणार. थोरली आता कप्प्यासमोर बराच वेळ उभी राहते, एकेक हातात घेऊन पाहते. गेल्या महिन्यात तिने स्वतःचाच जुना हत्ती उचलून आणला आणि म्हणाली, "याचे पाय मला आता जास्त छान जमतात." आठ वर्षांच्या मुलीने आपलंच काम असं पारखलेलं ऐकून मला फार बरं वाटलं. कागदावरची चित्रं आम्ही फायलीत घालून ठेवतो, पण ती अशी पुन्हा कोण बघतं?

गणपती घरीच केला. वीतभर उंचीचा, सोंड पोटाला टेकलेली, कारण मोकळी सोंड सुकताना हमखास तुटते. थोरलीने मोदक केले, धाकटीने उंदीर. विसर्जन बादलीत. या मातीचं मात्र पुन्हा खेळणं करायचं नाही, असं सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं. ती सोसायटीच्या आवारातल्या पारिजातकाखाली घातली. घरच्या कुंडीत फार घालू नये. माती इतकी बारीक असते की कुंडीतलं पाणी झिरपेनासं होतं.

दिवाळीच्या किल्ल्यावर शाडूचे मावळे ठेवले. उन्हात ते झकास दिसतात, पण तटबंदीवर पेरलेल्या अळिवाला रोज पाणी शिंपडावं लागतं आणि त्या पाण्याने खालच्या बुरुजावरचे मावळे कमरेपासून विरघळायला लागले. मग मावळे वरच्या माचीवर, हिरवळ खाली, अशी फेरमांडणी मुलींनी केली. पणत्या मात्र शाडूच्या करू नका. न भाजलेल्या मातीत तेल झिरपतं आणि खाली डाग पडतो. कुंभाराकडच्या भाजलेल्या पणत्या आणून त्या रंगवाव्यात, ते काम लहान मुलींना पुरून उरतं.

संक्रांतीला सुगडं केली. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकावर एक गोल रचायच्या, आतून बोटाने सांधे बुजवायचे. चार वर्षांच्या हातालाही हे जमतं. पूजेला अर्थात बाजारातली भाजलेलीच घेतली. घरच्या सुगडांत हरभरे, बोरं, उसाचे करवे भरून मुलींनी आपली वेगळी पूजा मांडली. चैत्रगौरीपुढे आरास होती तेव्हा कलिंगडाच्या फोडी, कैऱ्या, पन्ह्याचे पेले, सगळं शाडूचं.

रंगांबद्दल. पोस्टर कलर उत्तम बसतात, पण वस्तू पूर्ण सुकल्यावर आणि कमी पाण्यात. ब्रश ओलाचिंब असेल तर वरचा थर विरघळून रंगात माती येते. गेरू फार सुंदर दिसतो. गेरूवर तांदळाच्या पिठाच्या पातळ लेपाने, काडीचं टोक चावून मऊ करून, आम्ही वारली पद्धतीची नक्षी काढली. पालघर, डहाणू, जव्हार भागात लग्नातला चौक बायका असाच गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे त्याच भागातले. त्यांच्या चित्रांची छायाचित्रं दाखवल्यावर थोरलीने मडक्याभोवती तारप्याचा नाच काढला, गोल मडक्यावर तो न संपता फिरतो. हळदीने रंगवलेली फुलं पहिले काही दिवस झगझगीत दिसली, खिडकीत ठेवल्यावर फिकी पडत गेली. ॲक्रिलिक रंग टाळा. त्यांचा थर पाण्यात विरघळत नाही, मग ती माती परत वापरता येत नाही आणि पोपडे वेचत बसावं लागतं.

आता अडचणी. पसारा होतो, आणि तो पांढरट असल्याने सगळीकडे दिसतो. आम्ही जुनी चादर अंथरतो. सुकलेली माती झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, म्हणजे धूळ उडत नाही. हात बेसिनमध्ये धुवायचे नाहीत. माती नळीत बसते आणि हळूहळू पाणी तुंबतं. आधी बादलीत हात खळबळायचे, माती खाली बसली की वरचं पाणी टाकायचं. शाडूने हात कोरडे पडतात, थंडीत तर जास्तच, म्हणून शेवटी खोबरेल तेल. भर पावसाळ्यात बंद पिशवीतल्या मातीला कुबट वास आला होता. उघड्यावर ठेवून मळल्यावर तो गेला. साठवण सोपी आहे: ओलं सुती फडकं, वर जाड प्लॅस्टिक, घट्ट झाकणाचा डबा, आणि आठवड्याला एकदा फडकं पुन्हा ओलं करायचं.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण बंधनकारक आहे. शाडू मूर्तीकामाचं साहित्य म्हणून विकली जाते, आमच्या पिशवीवर तशी खूण नव्हती. त्यामुळे सगळं तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलीला मी ती देणार नाही. तीन वर्षांच्या पुढे, मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना, आणि नंतर साबणाने हात धुऊन. काही दुकानांत रंग मिसळलेली माती मिळते, ती मी घेतली नाही.

शाडू आणण्याआधी आम्ही डब्यांतली तयार रंगीत माती वापरत होतो. तिची सोय मान्य आहे, प्रवासात तर तीच बरी. पण पहिल्याच आठवड्यात सगळे रंग एकमेकांत जाऊन तपकिरी गोळा होतो, झाकण सैल राहिलं की ती चुरा होते, आणि एकदा वाळली की पुन्हा नीट मऊ होत नाही. घरी कणीक, मीठ आणि पाणी मळूनही करता येते. पावसाळ्यात मिठामुळे ती ओलसर होत राहते आणि मुंग्या लागतात. शेतातली काळी माती शाडूच्या जागी चालेल का, असं शेजारणीने विचारलं होतं. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकताना फार आकसते, म्हणूनच उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. वस्तूही तशाच फुटतात. कुंभाराची लाल माती मिळाली तर छान, फक्त कपड्यांवरचे डाग जात नाहीत.

हत्यारं वेगळी विकत घेऊ नका. मोडका कंगवा केसांसाठी, चाळणीतून दाबलेली माती गवतासाठी, दोरा कापण्यासाठी, आइस्क्रीमच्या काड्या कोरण्यासाठी. लाटणं मात्र एक मातीसाठी वेगळंच काढून ठेवा.

घ्यायची असेल तर आषाढ-श्रावणातच घ्या. तेव्हा गणपतीच्या साहित्याच्या दुकानांत ओले गोळे सहज मिळतात. नंतर कलासाहित्याच्या मोठ्या दुकानात शोधावे लागतात आणि बहुतेक वेळा पूडच हाती येते. पिशवी दाबून पाहा: बोटाचा ठसा नीट उमटला पाहिजे आणि कडेला कोरड्या गुठळ्या नकोत. दोन मुलींना पाच किलो पुरेशी होते. तिघी-चौघी एकत्र बसणार असतील तर दहा.