दुहेरी आवरणाचा तंबू आणि साठ लिटरची सॅक: सह्याद्रीतील काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कोल्हापुरात आम्ही दोघा मित्रांनी मिळून दोन माणसांचा तंबू घेतला आणि त्याच सुमारास मी साठ लिटरची नवी सॅक घेतली. तेव्हापासून यंदाच्या वळवापर्यंत हे साहित्य रांगणा, पारगड आणि त्यापलीकडे कोकणात उतरणाऱ्या डोंगररांगांवर सतत वापरात आहे. तंबू अॅल्युमिनियमच्या दोन कमानींवर उभा राहणारा, आत जाळीचा कप्पा आणि वर स्वतंत्र आवरण असलेला, पिशवीसह पावणेतीन किलो वजनाचा आहे. या बांधणीचे तंबू अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे पुढील मजकूर ज्यांना असा तंबू घेऊन सह्याद्रीच्या माथ्यावर मुक्काम करायचा आहे, त्या सर्वांना उपयोगी पडावा.

साहित्याची खरी पारख झाली ती हिवाळ्यात केलेल्या महिपतगड, सुमारगड आणि रसाळगड या सलग भटकंतीत. खेड तालुक्यातील हे त्रिकूट सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर असलेल्या एका धारेवर वसले आहे आणि दोन्हींच्या मधून जगबुडी नदीचे खोरे जाते. कोल्हापूरहून कराड, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूणमार्गे खेड गाठायचे, तिथून वाडी बेलदारला जायचे, महिपतगडावर चढून पहिला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सुमारगड करून रसाळगडावर पोहोचायचे, असा सर्वसाधारण क्रम असतो. हा दुसरा दिवस शरीराची परीक्षा पाहतो. वाट दाट रानातून जाते, ढोरवाटा जागोजागी फुटतात, आणि वाडीतला माहीतगार माणूस सोबत नसेल तर निम्मा दिवस चुकण्यातच जातो. सुमारगडाच्या अंगाला घसारा आहे, पुढे कातळटप्पा आहे, आणि हे सगळे पाठीवर घर घेऊन करायचे असते.

अशा दिवसाच्या तयारीत तंबूच्या वजनाची वाटणी हा पहिला प्रश्न असतो. आमच्या अनुभवाने एकच पद्धत टिकली आहे: आतला कप्पा आणि खुंट्या एकाकडे, बाहेरचे आवरण आणि कमानी दुसऱ्याकडे. तंबूची मूळ पिशवी घरी ठेवावी, कारण ती गोल, फुगीर असते आणि सॅकमधली जागा वाया घालवते. कापड सुटे करून कोंबले की ते इतर सामानाच्या फटींमध्ये नीट बसते. कमानींची जुडी मात्र सॅकच्या आत, पाठीच्या बाजूला उभी ठेवावी. बाहेरच्या पट्ट्यांत अडकवलेल्या कमानी कारवीच्या जाळीत अडकतात, आणि अरुंद आडव्या वाटेवर दरीच्या बाजूने बसलेला असा हिसका धोक्याचा ठरू शकतो.

सॅकबद्दल माझे मत स्पष्ट आहे. साठ लिटरची सॅक निवडताना लोक खांद्याचे पट्टे चाचपून पाहतात, परंतु पूर्ण दिवसाच्या चालीत सॅक किती सुसह्य होईल हे कमरपट्टा ठरवतो. तो कमरेच्या हाडांवर घट्ट बसला की ओझ्याचा मोठा भाग कमरेवर आणि पायांवर येतो आणि खांद्यांवर फक्त तोल सांभाळण्यापुरता भार राहतो. पाण्यासह माझ्या पाठीवर चौदा किलोच्या आसपास वजन होते. महिपतगडाची चढण आणि दुसऱ्या दिवसाची सगळी चाल मिळून खांदे भरून आले नाहीत, याचे श्रेय मी त्या पट्ट्याला आणि पाठीच्या उंचीनुसार वरखाली सरकणाऱ्या सांगाड्याला देतो. वजनदार वस्तू, म्हणजे पाणी आणि शिधा, पाठीला चिकटून मध्यभागी ठेवाव्यात. त्या बाहेरच्या बाजूला गेल्या तर उतारावर सॅक मागे खेचते आणि गुडघ्यांना त्याचा त्रास होतो. कातळटप्प्यावर मात्र कोणतीही मोठी सॅक अडचणीचीच ठरते. तिथे सॅक काढून दोरीने वेगळी वर घेणे किंवा सुमारगड पाहून परत त्याच वाटेने खाली येणार असल्यास ती पायथ्याशी ठेवणे अधिक सुरक्षित आहे.

आता तंबूच्या मुख्य गुणाकडे वळतो. सह्याद्रीच्या माथ्यावर मातीचा थर फार पातळ असतो. महिपत-रसाळच्या बाजूला काळा कातळ, तर आपल्या चंदगडाकडच्या पठारांवर जांभा. दोन्हीकडे खुंटी दोन बोटांच्या पुढे जात नाही. जे तंबू खुंट्यांच्या ताणावरच उभे राहतात, ते अशा जागी निरुपयोगी ठरतात. आमचा तंबू कमानींवर स्वतःच उभा राहतो आणि त्यामुळे जागा निवडण्याचे मोठे स्वातंत्र्य मिळते. तो उभा करून अंधार पडायच्या आत दोन-तीन ठिकाणी उचलून पाहता येतो, खालची जमीन हाताने चाचपता येते, आणि मगच सामान आत जाते. वाऱ्याच्या ताणासाठी आम्ही दोऱ्यांची टोके डोक्याएवढ्या धोंड्यांना गुंडाळतो आणि त्या धोंड्यांवर आणखी एकेक मोठा दगड ठेवतो. येथे एक विनंती मनापासून करावीशी वाटते: हे दगड तटबंदीचे, जोत्याचे किंवा टाक्याच्या काठाचे नसावेत. शतकांपूर्वी घडवून लावलेला चिरा एका रात्रीच्या सोयीसाठी जागचा हलवला, तर तो परत तसा बसत नाही.

घाटमाथ्याच्या कड्यावरचा वारा हा स्वतंत्र विषय आहे. महिपतगडाच्या माथ्यावर पारेश्वराच्या मंदिराजवळ झाडांचा आडोसा मिळतो, त्यामुळे पहिली रात्र शांत गेली. रसाळगडावर उघड्या माळावर तंबू लावला तेव्हा पहाटेपूर्वी वाऱ्याने जोर धरला. कमानी वाकत होत्या आणि पुन्हा सरळ होत होत्या. स्वस्त तंबूंत येणाऱ्या काचतंतूच्या (फायबरग्लासच्या) कमानी अशा वेळी चिरतात आणि त्यांचे कुसळासारखे तुकडे बोटांत घुसतात. अॅल्युमिनियमची कमान बहुधा आधी वाकते आणि वाकलेला भाग नळीचा छोटा तुकडा वर सरकवून तात्पुरता सांधता येतो. तशी नळी तंबूसोबत मिळाली आहे का, हे खरेदीच्या वेळी पाहावे. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे असेल तर फडफड बरीच कमी होते.

सर्वाधिक तक्रारी ऐकू येतात त्या तंबूत पाणी झिरपल्याच्या, आणि त्यांतील पुष्कळ तक्रारी दवाच्या असतात. निरभ्र रात्री बाहेरचे आवरण आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. झोपलेल्या माणसांच्या श्वासातील बाष्प त्या थंड कापडाला लागले की त्याचे थेंब बनतात. रसाळगडावर पहाटे आवरणाच्या आतल्या बाजूने हात फिरवला तेव्हा तळवा ओला झाला, मात्र आतला जाळीचा कप्पा आणि झोपण्याच्या पिशव्या कोरड्या होत्या. दुहेरी आवरणाचे जास्तीचे वजन वाहून नेण्याचे कारण हेच आहे. थंडी वाजते म्हणून वरची झरोक्याची झाकणे बंद करण्याचा मोह होतो; तो टाळावा. हवा खेळती राहिली तर दव कमी धरते, आणि थंडीसाठी कानटोपी व लोकरी मोजे अधिक उपयोगी पडतात. चूल किंवा गॅस तंबूच्या पडवीत पेटवणे तर पूर्णपणे टाळले पाहिजे. आगीच्या धोक्याखेरीज, बंदिस्त जागेत ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास नसलेला आणि प्राणघातक असतो. आम्ही संध्याकाळचा भात उघड्यावर, वाळलेल्या गवतापासून दूर, कातळावर शिजवतो. हिवाळ्यानंतर सड्यावरचे गवत एका ठिणगीने पेटते आणि वणवा रानभर पसरतो. सकाळी निघताना धपाटे, खर्डा आणि गूळ-शेंगदाणे पुरतात, त्यासाठी गॅस लागत नाही.

पावसाचा अनुभव पारगडावरच्या वळवाने दिला. कापडाच्या जलरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो आणि पाण्याचा तितक्या उंचीचा स्तंभ ते कापड गळती न होता पेलते, असा त्याचा अर्थ असतो. आमच्या तंबूच्या आवरणाला 2000 आणि तळाला 3000 हा आकडा आहे. वरून आलेला पाऊस आवरणाने व्यवस्थित थोपवला. तळाची गोष्ट वेगळी असते, कारण गुडघा किंवा कोपर टेकला की एका बिंदूवर मोठा दाब येतो; म्हणूनच तळाला जास्त क्षमतेचे कापड लागते. त्याखाली घातलेली अंथरी तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, अन्यथा आवरणावरून ओघळलेले पाणी तीच अंथरी तंबूखाली ओढून आणते. सलग आषाढ-श्रावणातील घाटमाथ्यावरचा पाऊस हा तंबू रात्रभर सोसेल, असे मी म्हणणार नाही. त्या दिवसांत पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर जाणाऱ्यांनी गावातील मुक्कामाचाच विचार करावा.

उणिवाही आहेत. प्रवेशद्वाराची झिप आवरणाच्या कडपट्टीत अडकते आणि अंधारात घाईने ओढली तर दाते निसटतात. काही महिन्यांतच एका बाजूचा सरकता तुकडा सैल झाला. दुकानदाराने ती दुरुस्ती हमीत बसत नसल्याचे सांगितले, तेव्हा शहरातील ताडपत्री शिवणाऱ्या एका कारागिराने थोड्या पैशांत तो बदलून दिला आणि कडपट्टीला आतून टाकाही घातला. तेव्हापासून अडकणे पुष्कळ कमी झाले. सोबतच्या खुंट्या मऊ आहेत आणि जांभ्यावर पहिल्याच घावात वाकतात. आतील उंची बसून कपडे बदलण्यापुरती आहे, परंतु सहा फुटांवरच्या माणसाचे पाय ओल्या कडेला लागतील.

कोल्हापूरच्या हवेत या तंबूचा सर्वांत मोठा शत्रू घरचे कपाट आहे. आवरणाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्यात हळूहळू विघटित होतो, कापड चिकट होते आणि त्याला आंबूस वास येऊ लागतो. असा तंबू पुन्हा दुरुस्त होत नाही. त्यामुळे परत आल्यावर त्याच दिवशी तो सावलीत, दोरीवर, दोन्ही बाजूंनी पूर्ण वाळवावा. कडक उन्हात दिवसभर टाकू नये, कारण अतिनील किरणांनी धागा कमजोर होतो. पावसाळ्यात मी तो घट्ट पिशवीत न ठेवता जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळून माळ्यावर ठेवतो आणि उघडीप मिळाली की बाहेर काढून झटकतो.

ज्यांना वर्षातून एखादा मुक्काम करायचा आहे, त्यांनी तंबू भाड्याने घ्यावा आणि पैसे चांगल्या बुटांवर व सॅकवर खर्च करावेत. ज्यांच्या मोसमात अनेक मुक्काम असतात आणि वजन वाटून घ्यायला विश्वासू जोडीदार आहे, त्यांना या बांधणीचा तंबू मी निःशंकपणे सुचवेन. मात्र खरेदीच्या दिवशीच मजबूत खुंट्यांचा वेगळा संच, कमान सांधायची नळी आणि किमान आठ मीटर जादा दोरी घ्यावी.