६८ हजारांची स्पीकरची जोडी, आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकतो, आवाजाबद्दल माझी एक पैशाची तक्रार नाही. हे स्पीकर जेव्हा वाजतात तेव्हा असे वाजतात की वाटतं तबलजी टीव्हीच्या बाजूलाच मांडी घालून बसलाय. घोडं अडतं ते "जेव्हा वाजतात तेव्हा" इथे.

मागच्या धनत्रयोदशीला नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका शोरूममधून घेतले, एक ३४ हजाराला, अशी जोडी. ब्रँडचं नाव लिहीत नाही, नाहीतर त्या ब्रँडवाले आणि त्याच्या विरोधातले असे दोन्ही इथेच भांडत बसतील. वायफायवाले प्रीमियम स्पीकर, डावा-उजवा अशी स्टिरिओ पेअर करता येते, ॲपवरून सगळं चालतं, दिसायला एकदम भारी. डेमोला त्या पोराने टॅबवर बोट लावलं की गाणं सुरू, बोट लावलं की दुसरं, मी खूष. तेव्हा लक्षात आलं नाही की शोरूमच्या एकाच खोलीत राउटर चार फुटावर आहे आणि मधे एकही भिंत नाही. आमचा इंदिरानगरचा फ्लॅट जुना, बाथरूमला लागून जाड भिंती, राउटर आतल्या बेडरूममधे कारण केबलवाल्याने तिथेच आणून सोडलाय.

पहिला महिना ठीक गेला. मग सुरू झालं, डावा स्पीकर मधेच गप्प. गाणं चालू आहे, गायक उजवीकडे सरकला, डावीकडे शून्य, दहा सेकंदांनी डावा परत जागा. कारण असं की राउटर वायफाय दोन पट्ट्यांवर सोडतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि सोयीसाठी दोन्हीला एकच नाव दिलेलं असतं, ५ वालं फास्ट पण भिंत आली की दम तोडतं, २.४ वालं भिंतीतून जातं पण बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे राउटर त्याच गर्दीत. माझा स्पीकर या दोघांत उड्या मारत होता. दोन्हीची नावं वेगळी केली, स्पीकरला २.४ वर बांधून ठेवलं, राउटरमधे जाऊन दोन्ही स्पीकरचे आयपी पत्ते (म्हणजे नेटवर्कवरचे त्यांचे नंबर) फिक्स केले तेव्हा कुठे गप्प व्हायचं कमी झालं. हे सगळं मला यूट्यूब बघून करावं लागलं, कस्टमर केअरची ताई तीन वेळा फक्त "सर रीसेट करून बघा" म्हणाली. अहो रीसेट केला की पेअर तुटते, परत ॲप, परत लॉगिन, परत ओटीपी. गाणं ऐकायला ओटीपी!

आता शनिवारचं ऐका. आमच्याकडे शनिवारी मेंटेनन्सला लाईट जाते, ते सवयीचं आहे. पण लाईट आली की स्पीकर अर्ध्या मिनिटात जागे होतात आणि राउटरला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. स्पीकर उठून नेटवर्क शोधतो, सापडत नाही, मग तो रुसून बसतो तो बसतोच. ॲपमधे "डिव्हाइस नॉट फाउंड". तीन फुटावर समोर ठेवलाय रे, तुला नाही सापडत? उपाय काय, तर प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, लावा. शेवटी राउटर इन्व्हर्टरवर घेतला तेव्हा हे थांबलं, पण ६८ हजाराच्या वस्तूसाठी घराची वायरिंग मी बदलायची हे काय लॉजिक आहे.

एप्रिलमधे एकदा रात्री अडीचला लाईट आली आणि हॉलमधून एक बाई खणखणीत इंग्रजीत बोलायला लागली, रेडी टू पेअर की असंच काहीतरी, बरं व्हॉल्यूम संध्याकाळी ठेवला होता तेवढाच. बाबा काठी घेऊन बाहेर. मी बाहेर आलो तर ते अंधारात स्पीकरकडे बघत उभे. "ही कोण?" म्हणाले. त्या बाईचा आवाज बंद करायचं सेटिंग आहे, पण ते ॲपमधे आहे, आणि ॲपला स्पीकर सापडत नव्हता.

मे महिन्यात अपडेट आलं, रात्रीच आपोआप इन्स्टॉल झालं, सकाळी डाव्याचा लाईट केशरी आणि बंद म्हणजे बंद. सर्व्हिसचं नाशिकमधे फक्त कलेक्शन सेंटर आहे, तिथे कोणी स्क्रू उघडत नाही, खोक्यात भरून भिवंडीला पाठवतात. २३ दिवसांनी परत आला. खालचा सीरियल नंबर बघितला तर वेगळाच, म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी दुरुस्त केलेला हातात दिला. वॉरंटी मात्र जुन्याच तारखेपासून. पावती, खोकं आणि सीरियल नंबरचा फोटो जपून ठेवा रे, माझ्याकडे फोटो होता म्हणून कळलं तरी.

हे एकाच कंपनीचं नाही म्हणा. सोनॉस (माझे स्पीकर सोनॉसचे नाहीत) म्हणजे या धंद्यातलं केवढं मोठं नाव, त्यांनी मे २०२४ मधे ॲप नव्याने काढलं आणि त्यात स्लीप टायमरसारख्या साध्या गोष्टीच गायब, लोकांनी एवढा दंगा केला की सीईओ पॅट्रिक स्पेन्सला जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी २०२५ मधे पदही सोडावं लागलं. लोकांच्या घरातल्या स्पीकरचं हार्डवेअर तसंच होतं, बिघडलं ते ॲप. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आपण स्पीकर घेत नाही, आपण कॉम्प्युटर घेतो ज्याची किल्ली कंपनीकडे राहते. त्यात माझ्यावाल्याला साधं ऑक्सचं, म्हणजे ऑडिओची वायर लावायचं, भोकसुद्धा नाही. ते असतं तर ॲप मेलं तरी वायर खुपसून ऐकलं असतं.

बाबांचा नव्वदच्या काळातला ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोकेवाले दोन स्पीकर माळ्यावर होते. गेल्या महिन्यात काढले, एक बाजू घरघर करत होती. रविवार कारंजाजवळ एक काका बसतात, त्यांनी माझ्यासमोर झाकण उघडलं, फुगलेला कॅपॅसिटर बोटाने दाखवला, बदलला, २५० रुपये, चहा त्यांचाच. पोरगं असं वाजायला लागलं की आई म्हणाली हळू कर.

घ्यायचेच असतील तर ऑक्स किंवा ऑप्टिकल इनपुट असलेलेच घ्या, ॲपशिवाय नुसत्या ब्लूटूथवर चालतो का ते दुकानात वायफाय बंद करायला लावून बघा, आणि "नाशिकमधे दुरुस्त होतो की फक्त जमा होतो" हा प्रश्न विचारा. माझी तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर नोंदवलीये. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच केस टाकता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाई नाही.

सध्या डावा परत भिवंडीला गेलाय. उजवा एकटाच किचनमधे, ब्लूटूथवर, आईचे अभंग वाजवतो, आणि खरं सांगू का, तिथे तो एकदाही रुसला नाही.