गुलाबी बोंडअळी: कामगंध सापळा लावावा की गंधदोरी?

दोन्हींत माल एकच, गॉसिप्ल्यूर. कपाशीची बोंडं पोखरणाऱ्या या अळीचाच पुढे पतंग होतो, आणि मादी पतंग नराला बोलावायला जो गंध सोडते त्याची ही नक्कल, 1973 साली उलगडलेली. सापळा त्या वासाने नराला भुलवून पिशवीत पाडतो. दोरी तोच वास शेतभर इतका पसरवते की खरी मादी कुठे बसलीय हेच नराला उमगत नाही.

मी कपाशीत दोन्ही वापरलंय. दोरीला दाम जास्त, पण काम सुटसुटीत. पाती (फुलांच्या कळ्या) लागायच्या सुमारास एकरी दीडशेच्या वर दोऱ्या बांधल्या की मोकळे. सापळ्याची कटकट फार. ल्यूर (सापळ्यात ठेवायची गंधाची गोळी) तीन-चार आठवड्यांनी बदला, पीक वाढेल तसा सापळा वर सरकवा, आणि श्रावणात पिशवीत पाणी शिरलं की पतंगांचा काळा लगदा होतो, त्यात मोजणार काय! (ल्यूर घेताना पाकीट वाचा. हिरव्या बोंडअळीचं हेलील्यूर गळ्यात पडलं तर गुलाबीचा एक पतंग यायचा नाही.)

तरी माझा कौल सापळ्याला, कारण दोरी मुकी आहे. दोरीच्या शेतात टेहळणीला सापळा ठेवलात तर तोही रिकामाच राहतो. नराला जिथे मादी सापडत नाही तिथे सापळा कुठून सापडणार? रोज सकाळी रिकामी पिशवी बघून बरं वाटतं. मात्र शेजारच्या कपाशीत मिलन आटोपून आलेली मादी निवांत अंडी घालून जाते, तिला हा गंध अडवत नाही. आपल्याला कळतं ते डोमकळ्या (अळी शिरल्याने नीट न उमललेली, मिटलेली फुलं) दिसल्यावर, नाहीतर बोंड फोडल्यावर, आणि बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. सापळा निदान बोलतो: सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की पंप काढायचा.

अर्थात, शिवारातल्या सगळ्यांनी मिळून सलग पट्ट्यात दोरी बांधायचं ठरवलं असेल, तर कदाचित तीच उजवी ठरेल. माझ्या बांधाला लागून शेजाऱ्याची फरदड (हंगाम संपल्यावरही न उपटता ठेवलेली कपाशी) उभी असते, त्यामुळे मला तो योग नाही.

टेहळणीला एकरी दोन सापळे पुरतात, नर पकडून कमी करायचे तर आठ-दहा लावा. दोरीच घेणार असाल तर आठवड्याचा एक वार बोंडं फोडायला राखून ठेवा. वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं घ्यायची. दोनांत जिवंत अळी निघाली तर फवारणी पुढे ढकलू नका.