ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट: 50 किलोमीटर पळून आल्यावर

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी नेरुळला आमच्या सोसायटीसमोरच्या मैदानाभोवती मी एकटीने 50 किलोमीटर पळले. घड्याळावर मोजलेली 1.25 किलोमीटरची फेरी, अशा 40. स्पर्धा नव्हती, छातीवर लावायचा नंबर (बिब) नव्हता. गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली टेबल, पाण्याचा कॅन, आणि भिंतीवर खडूने फेऱ्या मांडणारी माझी लेक. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, त्यापुढे मी कधीच गेले नव्हते. त्या दिवशी सगळ्यात जास्त कामी आलं ते मेडिकलमधून 22 रुपयांना आणलेलं ओआरएसचं, म्हणजे जलसंजीवनीच्या पुडीचं, पाकीट, म्हणून हा अभिप्राय.

आधी खरेदीबद्दल. वर्षभर मी टेट्रापॅकमधलं गोड पेयच ओआरएस समजून पीत होते. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने, अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, तेव्हा डोळे उघडले. आमच्या मेडिकलवाल्या दादांनी पाकीट उलटं करून दाखवलं, "ताई, मागे डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते बघायचं." जागतिक आरोग्य संघटनेचा (डब्ल्यूएचओ) हा फॉर्म्युला म्हणजे एका लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून आत जातं, म्हणून हे प्रमाण जपायचं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या अशाच पाण्यावर हजारो माणसं जगवली. हे वाचल्यापासून त्या पाकिटाकडे मी वेगळ्या नजरेने बघते.

मला किती लागतं हे दोन आठवडे आधी घरीच काढलं होतं. तासभर पळण्याआधी वजन 58.2, नंतर 57.5, मधे प्यायले 300 मिली. म्हणजे तासाला साधारण एक लिटर घाम. तेवढं सगळं भरून काढायचं नसतं. तहान लागेल तसं प्यायचं. घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, आणि तेही जिवावर बेततं.

पहाटे तीनला सुरुवात केली. पहिला लिटर छान गेला. दुसऱ्या वेळी घाईत मी 600 मिलीच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं. चव समुद्राच्या पाण्यासारखी लागली, तरी थांबायचं नाही म्हणून पीत राहिले. तेविसाव्या फेरीला, साडेसातच्या सुमाराला, पोटात मुरडा आला आणि गेटपाशीच उलटी झाली. घट्ट ओआरएस उलट आतड्यातच पाणी ओढून घेतं, ते मी त्या झाडाखाली पंचवीस मिनिटं बसून अनुभवलं. स्पर्धेत असते तर कुणी स्वयंसेवक धावत आला असता. इथे लेक होती. तिने स्वयंपाकघरातलं मापी भांडं आणलं, बरोबर एक लिटर कालवलं आणि म्हणाली, "आई, घोटघोट घे, आणि आता मापायचं काम माझं." पुढच्या सतरा फेऱ्या त्यावरच निघाल्या. अकरा वीसला संपवलं.

हे पाकीट खाण्याची जागा घेत नाही. 13.5 ग्रॅम ग्लुकोज म्हणजे जेमतेम 54 कॅलरी. ताकद आली ती मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्यांनी, खजुरांनी आणि सासूबाईंनी करून दिलेल्या राजगिऱ्याच्या वड्यांनी. बटाटे अजून हवे होते. केळी मात्र तीस किलोमीटरनंतर घशाखाली उतरेनात.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो छपाईसाठी: "एक लिटर पाण्यात" हे मुंगीएवढ्या अक्षरांत, तेही घडीवर. घामेजल्या बोटांनी पाकीट फाटत नाही, म्हणून सोबत कात्री ठेवा. नवी मुंबईच्या दमट हवेत उघडं राहिलं तर पूड दगड होते. कालवलेलं 24 तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळताना घेऊ नका.

डिसेंबरमध्ये 60 किलोमीटर करायचा विचार आहे. लेकीने मोठ्या बाटलीवर एक लिटरची रेघ लाल नेलपॉलिशने आत्ताच मारून ठेवली आहे.