पहिल्या घोटाचे मार्क धरायचे नाहीत: फ्लेवर्ड हार्ड सायडरचे नऊ महिने

गेल्या ऑक्टोबरात आई आमच्याकडे मिशिगनला आली होती. डेट्रॉईटच्या आसपासचे लोक पानगळीच्या दिवसांत पाहुण्यांना जिथे नेतात तिथेच आम्हीही तिला नेलं, सायडर मिलवर. रॉचेस्टर हिल्सची येट्स मिल, १८६३ सालची. गरम डोनट, भोवती घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या आणि पेल्यात गढूळ, तपकिरी सफरचंदाचा रस. आईने दोन पेले रिचवले. चार दिवसांनी संकष्टी होती. तिने फ्रिजमधून एक रंगीत कॅन काढला, त्यावरचा 'सायडर' शब्द अक्षर लावून वाचला आणि मला हाक मारली, "अगं, हे उपासाला चालेल ना? सफरचंदाचंच आहे." मी हातातलं लाटणं टाकून धावले.

अमेरिकेत नुसतं सायडर म्हटलं की न गाळलेला ताजा रस. आंबवलेला असेल तर हार्ड. इंग्लंडात सायडर म्हणजे दारूच. हे सगळं आईला समजावून सांगितलं, तर तिचा पुढचा प्रश्न, "मग त्यातलं चांगलं कुठलं ते कळतं का तुम्हाला?" आली का पंचाईत! आम्ही आजवर कॅनवरचं चित्र बघून आणत होतो.

आई परत गेली आणि लेकीच्या मराठी शुद्धलेखनासाठी तिने आणलेली शंभर पानी वही मी ढापली. तेव्हापासून जुलैपर्यंत त्यात ४३ नोंदी झाल्या. नियम साधे: शुक्रवारी संध्याकाळी, ३५५ मिलीचा एकच कॅन, प्यायला दोघं, मी आणि नवरा. बिअरचा कडूपणा मला सोसत नाही आणि वाइनची बाटली उघडली की ती संपवायचं दडपण येतं, त्यामुळे हा हिशोब आम्हाला जमला. मार्कांची पद्धत परीक्षकांच्या कागदावरून उचलली. आमच्याच राज्यात, ग्रँड रॅपिड्सला, सायडरची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते हे मला तोवर माहीतही नव्हतं. पन्नासातले ६ मार्क दिसण्याला, १० वासाला, २४ चवीला आणि १० एकंदर.

नाव न बघता प्यायचं म्हणून पहिले दोन महिने आम्ही स्टीलची फुलपात्रं वापरली. कल्पना माझी. रंग दिसत नाही, म्हणजे लाल दिसलं की स्ट्रॉबेरीची चव आपोआप लागते ती भानगड मिटली. पण फुलपात्राचं तोंड बाहेर फाकलेलं, सगळा वास हवेत, नाकाला काहीच नाही. जानेवारीपासून वाइनचे ग्लास घेतले आणि डोळे मिटून प्यायला लागलो. जुन्या अकरा नोंदींतले वासाचे मार्क मी नंतर खोडून टाकले.

या नऊ महिन्यांत मला खरं कळलं ते एवढंच, की फ्लेवर्ड सायडरला पहिल्या घोटावर मार्क द्यायचे नाहीत. फ्रिजमधून काढल्या काढल्या सगळंच छान लागतं. थंडीने वास दबलेला असतो, बुडबुडे आणि आंबटपणा मिळून गोडी झाकतात. पंचवीस मिनिटं जाऊ द्या. फसफस उतरते, गोडी वर येते आणि वरून टाकलेला वास असेल तर तो अत्तरासारखा उघडा पडतो. वहीत आता दोन रकाने आहेत, 'पहिला घोट' आणि 'तळ'. एका कलिंगडवाल्याला पहिल्या घोटाला ३८ मिळाले होते, तळाशी २१. लिमलेटची गोळी कागदासकट चघळल्यासारखं लागत होतं. उलटही झालं. व्हर्च्यू या फेनव्हिलच्या मंडळींचं मिशिगन ब्रूट आम्ही मोजपट्टी म्हणून ठेवलंय, त्यात कसलाच फ्लेवर नाही. पहिल्या घोटाला ते रुक्ष वाटतं. अर्ध्या ग्लासानंतर त्यात सफरचंदाची साल, थोडं ओलं गवत, असं काय काय यायला लागतं. मी आता कॅन प्यायच्या वीस मिनिटं आधी ओट्यावर काढून ठेवते. आठ-दहा अंशांवर बरं लागतं.

फ्लेवर टिकतो की विरतो हे बहुतेक वेळा खालच्या सायडरवर ठरतं. बाजारातली बरीचशी सायडर खायच्या सफरचंदांची, नाहीतर आटवलेल्या रसाची असतात. त्यांत आंबटगोड असतं, तुरटपणा नसतो. डॅबिनेट, किंग्स्टन ब्लॅक अशी खास सायडरची तुरट जात क्वचित. डाळच पातळ असली की फोडणी कितीही चरचरीत दिली तरी आमटी पातळच, तसं होतं.

कॅन फिरवून मागचं वाचायची सवयही लागली. बिअरच्या कॅनवर घटकांची यादी सहसा नसते, सायडरवर मात्र बहुतेकदा असते, कारण ७ टक्क्यांखालचं सायडर लेबलाच्या बाबतीत अन्नपदार्थांच्या नियमांत जातं. साखर किती ग्रॅम, रस आटवलेला की ताजा, फळाचा रस घातलाय की नुसता 'नॅचरल फ्लेवर', सगळं तिथे लिहिलेलं असतं. साखर शून्यापासून वीस ग्रॅमच्या वरपर्यंत आढळली. ज्या कॅनवर फळाचं चित्र मोठं आणि यादीत ते फळच नाही, त्याला तळाच्या रकान्यात माझ्याकडून तिसाच्या वर मार्क गेलेले नाहीत. आणखी एक मजा. इथल्या केंद्रीय करात 'हार्ड सायडर' म्हणून स्वस्तातला दर हवा असेल तर पेयात सफरचंद आणि नाशपातीशिवाय दुसरं फळ चालत नाही. अननस घातला की ते हिशोबाला वाइन. म्हणजे मी नऊ महिने ज्यांना मार्क देतेय त्यातली बरीचशी सरकारदरबारी हार्ड सायडरच नाहीत! हे ऐकून नवरा म्हणाला, "मग आईंना उपासाला दिलं असतं तरी चाललं असतं."

आता नावानिशी थोडं. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा आलं ते ब्लेक्सचं ट्रिपल जॅम. हे अर्माडा गावचे, आमच्या घरापासून तासाभरावर, बागही त्यांचीच. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, ब्लॅकबेरी, साडेसहा टक्के. गोड आहे, पण गोडीच्या मागे बेरीचा आंबटपणा उभा राहतो, त्यामुळे जॅमची बरणी चाटल्यासारखं होत नाही. पहिला घोट ३९, तळ ३६. त्यांचंच एल चावो, आंबा आणि हाबानेरो मिरची. आंबा म्हणजे हापूस समजून जाऊ नका, वाळवलेल्या फोडीसारखा मागे मागे असतो. मिरची घशात, गिळल्यावर. मी मोठ्या हौसेने मिसळीबरोबर काढलं आणि तोंडाची आग आग झाली. तिखटात दारू गेली की जाळ वाढतोच. खाऱ्या शेंगदाण्यांबरोबर मात्र झकास, ४०. ग्रँड रॅपिड्सच्या व्हँडर मिलचं टोटली रोस्टेड म्हणजे दालचिनी लावून भाजलेले पेकन, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा. वास असा खमंग की डोळे मिटून नवरा म्हणाला, "शेजारी कुणीतरी बेसन भाजतंय." ४२, आणि तळाशीही ४२. फेब्रुवारीत, बाहेर उणे बारा असताना प्यायचं हे सायडर आहे. उन्हाळ्यात उघडलं तर जड वाटलं. कॅलिफोर्नियाच्या 'एस' कंपनीचं अननसवालं कांदाभज्यांबरोबर उत्तम जातं, त्याहून जास्त त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सर्वांत लक्षात राहिलेली नोंद मात्र २७ नंबरची. एका छोट्या शेतावरचं रास्पबेरी सायडर, नाव लिहीत नाही. न गाळलेलं, टिकवण्यासाठीचं सल्फाइट न घातलेलं, बाटली देखणी. मी पहिल्या घोटाला ४१ देऊन मोकळी झाले. नवऱ्याने घोट घेतला, गिळला आणि थांबला.

"ह्यात भाताचा वास येतोय."

"भाताचा?"

"आंबेमोहोराची पेज. पण शिळी. भांड्याच्या तळाला राहिलेली."

मी पुन्हा हुंगलं. रास्पबेरी. पुन्हा प्यायले. रास्पबेरी. तो हट्टाने म्हणत राहिला, मी हट्टाने नाही म्हणत राहिले, आणि सायडर बाजूला राहून भांडणच जुंपलं. रात्री वाचत बसले तेव्हा कळलं की हा ओळखीचा दोष आहे. इंग्रजीत त्याला चक्क उंदराचं नाव आहे. जिवाणू किंवा एखादी रानटी यीस्ट दोन-तीन रसायनं तयार करतात आणि त्यातलं एक, ॲसिटाइल पायरोलीन, हे तेच, ज्याने बासमतीला आणि आंबेमोहोराला सुवास येतो. भातात जीव ओवाळून टाकावा असं, सायडरमध्ये नकोसं. आंबट पेयात हा वास सुटतच नाही, म्हणून ग्लास हुंगून कळत नाही. गिळल्यावर लाळेने आंबटपणा कमी झाला की मग येतो. लाळ प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे काहींना लगेच कळतं, काहींना कधीच नाही. उपाय असा वाचला की खायचा सोडा पाण्यात कालवून चूळ भरायची आणि मग प्यायचं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्या बाटलीवर मी तो केला. दहा सेकंद काही नाही. मग जिभेच्या मागून असा काही वास आला, की कुकर उघडायला विसरून दोन दिवस गावाला गेल्यासारखं वाटलं. नवरा समोर हाताची घडी घालून उभा होता. ४१ खोडून १२ केले. तेव्हापासून संशय आला की सोड्याची चूळ, आणि माझ्या एकटीच्या मार्कांवर कुठलाही निकाल नाही.

एक फजिती माझीच. मार्चमध्ये पाहुणे यायचे म्हणून एक कॅन लवकर गार करायला फ्रीझरमध्ये टाकला आणि विसरले. पहाटे फटकन आवाज. मटार, किसलेला नारळ, कढीपत्ता, सगळ्यावर चेरीचा गुलाबी बर्फ. पुसताना तळाशी साठलेलं थोडंसं चाटून पाहिलं तर भलतंच कडक लागलं. पाणी आधी गोठतं, दारू मागे राहते. इथले जुने शेतकरी हिवाळ्यात सायडर बाहेर ठेवून, वरचा बर्फ काढून टाकत ॲपलजॅक नावाची कडक दारू करायचे ते याच हिशोबाने. तो नारळ टाकून द्यावा लागला, आणि इथे ओला नारळ किसून देणारं कुणी नाही, तेव्हा वहीत त्या दिवशी मार्कांच्या जागी 'नारळ, १ पाकीट' एवढंच लिहिलंय.

खर्च विचाराल तर चार कॅनचा पॅक आम्हाला अकरा ते चौदा डॉलरला पडतो. नवं काही असेल तर पॅक घेऊ नका. ज्या दुकानात सहा वेगवेगळे कॅन निवडून घेता येतात तिथे जा. आमच्या ४३ पैकी पुन्हा विकत आणले ते फक्त सात, आणि त्यातले दोन बिनफ्लेवरचे.

आई पुढच्या महिन्यात परत येतेय. फोनवर मी वहीबद्दल सांगितलं, सातही नावं वाचून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि माझ्या नातीचं शुद्धलेखन?" वहीची अजून एकोणीस पानं कोरी आहेत. ती लेकीला परत दिलीत.