शत्रूंची लेव्हल ठरावीक असावी की खेळाडूबरोबर वाढावी?

फँटसी आरपीजी (ज्यात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि त्याची लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवत नेतो असा व्हिडिओ गेम) अर्धवट तयार असताना हा निर्णय जितका लांबवावा तितका तो महाग पडतो, कारण प्रत्येक शत्रूची ताकद, प्रत्येक शस्त्राचा मारा आणि प्रत्येक क्वेस्टचे, म्हणजे गेममधल्या कामगिरीचे, बक्षीस त्याच्यावरच बेतलेले असते. माझ्या स्वतःच्या गेममध्ये, जो अजून पूर्ण व्हायचा आहे, मी आधी लेव्हल स्केलिंग, म्हणजे खेळाडूबरोबर शत्रूंचीही लेव्हल वाढवणे, वापरले आणि नंतर ते काढून ठरावीक लेव्हलचे जग उभे केले. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कष्ट मला ठाऊक आहेत.

स्केलिंगचा खरा फायदा गेम बनत असतानाच जाणवतो. नकाशाच्या मध्ये नवी दलदल घालायची ठरवली, तेव्हा तिच्यातल्या शत्रूंचे आकडे आपोआप जुळले आणि मला फक्त त्या जागेकडे लक्ष देता आले. ठरावीक लेव्हलच्या जगात तसाच एक प्रदेश वाढवला, तर त्याच्या पुढच्या सगळ्या प्रदेशांचे बॅलन्सिंग, म्हणजे ताकदीचे आकडे जुळवणे, पुन्हा करावे लागले. ज्याच्याजवळ वेळ थोडा आहे, त्याला हा फरक लहान वाटणार नाही.

तरीही मी स्केलिंग सोडले ते लांडग्यांमुळे. चाचणीसाठी गेम खेळणाऱ्या एका मित्राला पहिल्या जंगलातल्या लांडग्यांनी चार वेळा मारले होते. आठव्या लेव्हलला पोहोचल्यावर, नवी तलवार हाती येताच, तो वाट वाकडी करून मुद्दाम त्याच जंगलात परतला. पूर्वी एका लांडग्याला पाच वार लागत असत. आताही पाचच लागले. त्याने तक्रार केली नाही, फक्त नव्या तलवारीत काही बग आहे का, एवढेच विचारले. बग नव्हता, सगळे मी लिहिले होते तसेच चालले होते, आणि हीच गोष्ट मला फार लागली. ज्या प्रगतीसाठी त्याने इतके तास दिले होते, ती माझ्याच सूत्राने पुसून टाकली होती.

हा अनुभव माझ्यापुरताच नाही. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ या आरपीजीमध्ये पुढे पुढे साधे दरोडेखोरही दुर्मिळ आणि त्या गेममध्ये भारी समजली जाणारी काचेची चिलखते घालून समोर येत, आणि लेव्हल वाढवण्यासाठी पलंगावर झोपावे लागत असल्याने काही खेळाडू जाणूनबुजून झोपणेच टाळत. २०११ च्या ‘स्कायरिम’ने मधला मार्ग काढला: बहुतेक ठिकाणांना लेव्हलची मर्यादा दिली आणि खेळाडू पहिल्यांदा आत शिरतो तेव्हा तिथली लेव्हल कायम केली. मीही हे करून पाहिले. लांडग्यांचा प्रश्न बराच सौम्य झाला, पण चाचणीत नवी अडचण आली. ‘ही गुहा फार अवघड आहे’ असे कोणी कळवले की तो तिथे प्रथम कोणत्या लेव्हलला गेला होता हे शोधल्याशिवाय मला काहीच करता येत नसे.

ठरावीक जगातही दोष आहेत, आणि ते लपवण्याजोगे नाहीत. मागे राहिलेल्या क्वेस्टची बक्षिसे निरुपयोगी होतात. चुकीच्या दिशेला गेलेला खेळाडू वारंवार मरतो आणि कदाचित गेमच बंद करतो. माझ्याकडे एका खिंडीत नेमके हेच झाले. तिथे मोडकी गाडी आणि खडकांवर पंजांचे ओरखडे ठेवल्यावर पुढचे बहुतेक जण स्वतःहून मागे फिरले. २००१ चा ‘गॉथिक’ असो वा २०२२ चा ‘एल्डन रिंग’, त्यांतला बलाढ्य शत्रू आपल्या जागी तसाच उभा असतो, आणि आज त्याला वळसा घालून पुढे जाणारा खेळाडू त्याचा हिशेब मनात ठेवतो.

कथेनुसार पहिल्या तासापासून कोणत्याही प्रदेशात कोणत्याही क्रमाने जाता यावे, हीच तुमच्या गेमची मूळ कल्पना असेल, तर स्केलिंग कदाचित टाळता येणार नाही, आणि तेव्हा किमान-कमाल मर्यादा तरी अवश्य द्यावी. पण दुबळा नायक हळूहळू समर्थ होतो हा गेमचा गाभा असेल, तर बॅलन्सिंगचे जादा कष्ट सोसूनही मी ठरावीक लेव्हलच सुचवेन. माझ्याकडे स्केलिंग आता फक्त आखाड्यात उरले आहे, कारण तिथे तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळणे स्वाभाविकच असते. पहिल्या जंगलातले लांडगे मात्र कायमचे दुसऱ्या लेव्हलचे आहेत.